वीरमरण आलेल्या सैनिकांची कंट्री गाणी : ऐकायला सुरुवात कुठून आणि कशी करावी

रणात पडलेल्या माणसावरचं गाणं म्हटलं की आपल्या कानात आधी पोवाडा वाजतो. डफ, तुणतुणं, शाहिराची चढी पट्टी आणि पराक्रमाचं वर्णन. नाहीतर २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लता मंगेशकरांनी गायलेलं, सी. रामचंद्रांच्या चालीतलं ‘ऐ मेरे वतन के लोगों’ आठवतं. त्यात अख्ख्या देशाला हाक आहे. अमेरिकेतलं कंट्री संगीत, म्हणजे तिथल्या दक्षिणेकडच्या गावांतून आलेलं लोकप्रिय गाणं, हाच विषय घेतं आणि बरोबर उलट्या दिशेनं जातं. तिथे देश मागच्या बाजूला कुठेतरी असतो, रणांगण तर बहुतेकदा दिसतच नाही. समोर असतं एक घर आणि त्या घरात परत न आलेला एक जण.

ही गाणी मी बऱ्याच मित्रमंडळींना ऐकवली आहेत. पहिल्या दोन-तीन गाण्यांतच पुष्कळ जण अडखळतात. कुणाला ती निव्वळ झेंडा फडकवणारी वाटतात, कुणाला फार रडकी. माझ्या मते चुकतो तो क्रम. यूट्यूबवर शोधलं की जी गाणी आधी वर येतात ती सुरुवातीला ऐकण्याजोगी असतातच असं नाही. म्हणून हा क्रम देतो आहे. कंट्री संगीताची काहीच माहिती नसली तरी चालेल. बरे हेडफोन, शब्द दाखवणारं एखादं अ‍ॅप आणि एका बैठकीत दोनच गाणी ऐकायचा संयम, एवढं पुरे.

पायरी १ : ट्रकपासून सुरुवात करा

पहिलं गाणं ‘आय ड्राइव्ह युअर ट्रक’. गायक ली ब्राइस, अल्बम ‘हार्ड टू लव्ह’, साल २०१२. पहिल्यांदा ऐकताना त्यामागची हकीकत वाचू नका. गाणारा माणूस दुसऱ्याच कुणाचा तरी ट्रक चालवतो आहे, एवढंच ध्यानात ठेवा.

ट्रकमध्ये काय काय पडलं आहे ते तो सांगत जातो. अ‍ॅशट्रेमध्ये ८९ सेंटची चिल्लर, पायाशी गडगडणारी गेटोरेडची अर्धी बाटली, डॅशबोर्डवर मळकी बेसबॉलची टोपी, आरशाला लटकवलेल्या सैनिकाच्या ओळखपट्ट्या. ही यादी ऐकता ऐकताच ट्रकचा मालक आता येणार नाही हे आपल्याला कळून चुकतं. मृत्यूचा शब्दही तोवर आलेला नसतो. दुसऱ्या कडव्यात कळतं की रेडिओ ज्या स्टेशनवर ‘त्यानं’ ठेवला होता त्याच स्टेशनवर अजून आहे. मग आई सकाळी विचारते, कबरीवर जाऊन आलास का? तिथल्या दगडापाशी आणि झेंड्यापाशी तो मला भेटत नाही, असं काहीसं गाणाऱ्याच्या मनात येतं. तो भेटतो ट्रकमध्ये. मग सगळ्या काचा खाली करून तो गावाबाहेरच्या रस्त्यांवर ट्रक पिटाळतो.

दुसऱ्यांदा ऐकण्याआधी मात्र हकीकत जरूर वाचा. जॅरेड माँटी हा मॅसॅच्युसेट्सचा सार्जंट २००६ च्या जूनमध्ये अफगाणिस्तानात नुरिस्तान भागात मारला गेला. उघड्यावर जखमी पडलेल्या सहकाऱ्याला आणायला तो गोळीबारात पुन्हा पुन्हा पुढे गेला होता. २००९ मध्ये त्याला मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेचा सर्वोच्च शौर्यसन्मान, मिळाला. त्याचे वडील पॉल माँटी मुलाचा डॉज ट्रक चालवत राहिले. एका मेमोरियल डेला, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या स्मृतिदिनाला, रेडिओवर त्यांची मुलाखत लागली होती आणि त्यात हा ट्रक का चालवता ते ते सांगत होते. कॉनी हॅरिंग्टन या गीतकार बाई तेव्हा गाडीत होत्या. त्यांनी ऐकता ऐकता बारीकसारीक गोष्टी टिपून घेतल्या, आणि पुढे जेसी अलेक्झांडर आणि जिमी यीअरी यांच्यासोबत गाणं लिहिलं. २०१३ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा ‘साँग ऑफ द इयर’ हा गीतलेखनाचा पुरस्कार त्याला मिळाला.

इथे एक गोष्ट नव्या श्रोत्यानं कायमची लक्षात ठेवावी. कंट्रीमध्ये गायक एक आणि लिहिणारे दुसरेच, हे सर्रास चालतं. कंट्रीचं मुख्य केंद्र असलेल्या नॅशव्हिल शहरात दोघे-तिघे गीतकार वेळ ठरवून एका खोलीत बसतात आणि गाणं घडवतात. तेव्हा गाणं आवडलं की गीतकारांची नावं बघायची सवय लावून घ्या. पुढचं चांगलं गाणं गायकाच्या नावापेक्षा त्या नावांमागे लवकर सापडतं.

या गाण्यात मेडल ऑफ ऑनरचा उल्लेख नाही, नुरिस्तान नाही, गोळीबार नाही. वडिलांच्या जागीही भाऊ किंवा जिवलग मित्र वाटावा असा कुणीतरी आहे. एवढा मोठा पराक्रम हाताशी असताना गीतकारांनी तो बाजूला ठेवला आणि चिल्लर, बाटली, टोपी घेतली. मला या परंपरेतलं सगळ्यात मोठं शहाणपण हेच वाटतं. पुढचं प्रत्येक गाणं ऐकताना एवढंच विचारा : यातली वस्तू कोणती?

पायरी २ : खुणा ओळखून घ्या

अमेरिकन श्रोत्याला काही गोष्टी सांगाव्या लागत नाहीत, त्यामुळे गाणी त्या अर्ध्या ओळीत उरकतात. आपल्याला त्या आधी माहीत असलेल्या बऱ्या.

आपल्याकडे लष्करी अंत्यसंस्काराला बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ वाजवतात, तशी तिकडे ‘टॅप्स’ ही धून वाजते. फक्त २४ सुरांची. १८६२ मध्ये, यादवी युद्धाच्या काळात, व्हर्जिनियातल्या छावणीत जनरल डॅनियल बटरफिल्ड यांनी ती बसवली. मुळात ती रात्री दिवे मालवायची खूण होती. एकदा शांतपणे वेगळी ऐकून ठेवा, कारण कित्येक गाण्यांत ती शेवटी दोन-चार सुरांत डोकावून जाते आणि ओळखता आली नाही तर गाण्याचा शेवटच निसटतो.

दुसरी खूण घडी घातलेल्या झेंड्याची. शवपेटीवरचा झेंडा सैनिक तिकोनी घडी घालून, ताऱ्यांचा निळा भाग वर दिसेल असा, पत्नीच्या किंवा आईच्या हातात देतात. गाण्यात ‘तिकोनी घडी’ आली की अंत्यसंस्कार झाला असं समजायचं. बंदुकांचे आवाजही येतात. ते बहुधा सात जणांनी तीनदा झाडलेल्या फैरींचे असतात. गाण्यांत आणि बोलण्यात त्यांनाच सैलपणे २१ तोफांची सलामी म्हटलं जातं, पण तोफांची ती सलामी निराळी.

गोल्ड स्टार म्हणजे सोनेरी तारा. पहिल्या महायुद्धापासून चाल अशी की घरातलं माणूस युद्धकाळात सैन्यात असेल तर खिडकीत निळ्या ताऱ्याचा छोटा ध्वज लावायचा. तो माणूस गेला की निळ्या ताऱ्याच्या जागी सोनेरी तारा येतो. ज्यांना आपण वीरमाता आणि वीरपत्नी म्हणतो त्या तिकडे ‘गोल्ड स्टार’ कुटुंबातल्या. ‘अर्लिंग्टन’ म्हणजे वॉशिंग्टनला लागून, पोटोमॅक नदीपलीकडची राष्ट्रीय दफनभूमी. आणि ‘द वॉल’ म्हणजे वॉशिंग्टनमधली व्हिएतनाम स्मारकाची काळ्या ग्रॅनाइटची भिंत. तिच्याबद्दल पुढे बोलूच.

पायरी ३ : पत्रांच्या वाटेनं मागे जा

या गाण्यांचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात सशक्त साचा पत्राचा आहे. ही वाट धरली की दुसऱ्या महायुद्धापासून इराकपर्यंत चार थांब्यांत पोचता येतं. क्रम मोडू नका.

पहिला थांबा १९४४. अर्नेस्ट टब यांचं ‘सोल्जर्स लास्ट लेटर’. त्यांच्यासोबत ते लिहिणारे रेड स्टुअर्ट स्वतः तेव्हा सैन्यात होते. ज्यूकबॉक्सवर, म्हणजे नाणं टाकून गाणं लावायच्या यंत्रावर, वाजणाऱ्या गाण्यांच्या ‘बिलबोर्ड’ या संगीत-नियतकालिकाच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर पोचलं. गोष्ट इतकीच : आईला मुलाचं पत्र येतं. ती वाचत जाते. पत्र मध्येच तुटतं, खाली सही नाही. सही नाही यावरून ती समजते. टब यांचा आवाज साधा, जरा सपाटच आहे, आणि पहिल्या ऐकण्यात तो कोरडा वाटेल. थांबा, घाई करू नका. तार घेऊन येणारा माणूस कुणाच्याही दारात उभा राहू शकतो अशा वर्षी हे गाणं दुकानांतून, खानावळींतून वाजत होतं. तिथे गायकानं हुंदका काढून दाखवायची गरजच नव्हती. मग १९७१ ची मर्ल हॅगर्ड यांची आवृत्ती ऐका. तेव्हा युद्ध व्हिएतनामचं होतं, आणि २७ वर्षांपूर्वीचं गाणं एक शब्द न बदलता लागू पडत होतं.

दुसरा थांबा १९६६. लोरेटा लिन यांनी स्वतः लिहिलेलं आणि गायलेलं ‘डिअर अंकल सॅम’. केंटकीतल्या कोळसा खाणकामगाराची ही मुलगी. गाण्यातली बायको अंकल सॅमला, म्हणजे सरकारलाच, पत्र लिहिते : माझा नवरा तुमच्याकडे आहे, मला तो हवा आहे. देशावर तिचा राग नाही, पण देशापेक्षा आपला हक्क मोठा आहे हे ती आडपडदा न ठेवता सांगते. शेवटी ती गाणं सोडून बोलू लागते, हातात तार आहे, आणि मागे ‘टॅप्स’ वाजतं. दुसरी पायरी वाचली असेल तर इथे कुणी काही समजावून सांगायला नको. एका बाईनं सरकारला थेट उद्देशून म्हटलेलं असं गाणं १९६६ मध्ये कंट्री रेडिओवर गाजलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

तिसरा थांबा ‘ट्रॅव्हलिन सोल्जर’. ब्रूस रॉबिसन यांनी लिहिलेलं, डिक्सी चिक्स या तिघींनी २००२ च्या ‘होम’ अल्बमवर गायलेलं. (२०२० पासून त्या नुसतं ‘द चिक्स’ नाव लावतात. जुन्या-नव्या दोन्ही नावांनी शोधा.) अठरा वर्षं पुरी होऊन दोनच दिवस झालेला पोरगा, अंगावर गणवेश, बस यायची वाट बघत कॅफेत बसला आहे. केसांना रिबन बांधलेल्या, ऑर्डर घेणाऱ्या मुलीला तो विचारतो, तुला पत्र लिहू का? मला दुसरं कुणी नाही. पत्रं येत राहतात, आधी छावणीतून, मग व्हिएतनाममधून. मग एके शुक्रवारी शाळेच्या फुटबॉल सामन्याआधी गावातल्या मृत सैनिकांची नावं वाचून दाखवतात. त्यात त्याचं नाव असतं. ऐकणाऱ्यांत त्याला ओळखणारं कुणी नाही. एकटी शाळेच्या बँडमध्ये पिकोलो, म्हणजे छोटी बासरी, वाजवणारी ही मुलगी प्रेक्षकांच्या बाकांखाली जाऊन रडते.

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या, पिढ्यान्‌पिढ्या पोरं फौजेत जाणाऱ्या गावांतल्या वाचकाला ही यादी वाचण्याची जागा फार समजावावी लागणार नाही. अमेरिकेतही सैन्यभरतीत दक्षिणेकडच्या राज्यांचा वाटा त्यांच्या लोकसंख्येच्या मानानं जास्त असतो, आणि कंट्री संगीताचं मूळ घरही तेच. गाणी ऐकणारे आणि सैन्यात जाणारे पुष्कळदा एकाच रस्त्यावर राहतात. या संगीतात हा विषय इतका खोल का रुजला, याचं उत्तर मला तरी इथे सापडतं.

या गाण्याचं पुढे जे झालं तेही माहीत हवं. २००३ च्या मार्चमध्ये ते कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. १० मार्चला, इराकवरचा हल्ला दहा दिवसांवर असताना, लंडनच्या कार्यक्रमात गायिका नॅटली मेन्स म्हणाल्या की राष्ट्राध्यक्ष (जॉर्ज बुश) आमच्या टेक्ससचे आहेत याची आम्हाला लाज वाटते. बातमी अमेरिकेत पोचली, रेडिओ स्टेशनांनी त्यांची गाणी बंद केली, आणि गाणं यादीतून झपाट्यानं खाली घसरून दिसेनासं झालं. एका अनाथपणे मेलेल्या सैनिकाची आठवण ठेवणारं गाणं सैनिकांचा अपमान झाला म्हणून बंद पडलं. या प्रकरणात कुणाची बाजू घ्यायची ते ज्यानं त्यानं ठरवावं. गाण्यावर मात्र अन्याय झाला हे मी ठाम म्हणेन.

चौथा थांबा २००७. टिम मॅकग्रॉ यांचं ‘इफ यू आर रीडिंग धिस’. यात सैनिकानं ‘माझं काही झालं तरच उघडा’ म्हणून ठेवलेलं पत्र आहे. मॅकग्रॉ आणि वॉरन बंधूंनी ते लिहिलं, आणि त्याच मे महिन्यात एका पुरस्कार सोहळ्यात मॅकग्रॉंनी ते पहिल्यांदा गायलं. शेवटी मंचावर मागे उभे होते ते युद्धात माणूस गमावलेल्या घरांतले लोक. रेडिओवाल्यांनी स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रणाची वाट न बघता त्या कार्यक्रमातलंच गाणं वाजवायला घेतलं. तुम्हीही तीच आवृत्ती ऐका, आणि शक्यतो बघा.

चारही एकापाठोपाठ ऐकलीत तर एक सरकत गेलेली गोष्ट दिसेल. १९४४ मध्ये पत्र वाचणारी आई आहे. १९६६ मध्ये पत्र लिहिणारी बायको. २००२ मध्ये जिला कुणी ‘त्याची’ म्हणून ओळखतही नाही अशी मुलगी. आणि २००७ मध्ये बोलणारा गेलेला माणूस स्वतःच.

पायरी ४ : वाद्यांकडे कान द्या

ही छोटी पायरी आहे, पण ती वगळलीत तर अर्धं गाणं हातचं जाईल. पेडल स्टील गिटार हे आडवं मांडून वाजवायचं वाद्य. तारांवरून धातूचा दांडा सरकवतात, पायांनी आणि गुडघ्यांनी सूर चढवतात-उतरवतात. हिंदुस्थानी संगीताची सवय असलेल्या कानाला त्यातली मींड लगेच जवळची वाटते. सोबत फिडल म्हणजे व्हायोलिनच, वाजवण्याची तऱ्हा निराळी. ‘ट्रॅव्हलिन सोल्जर’मध्ये भर तारवाद्यांवर आहे, त्यामुळे शब्दांना भरपूर जागा मिळते.

चांगला कंट्री गायक दुःखाच्या ओळीवर आवाज चढवत नाही. तो ओळ जवळजवळ बोलल्यासारखी सोडून देतो आणि पुढचं काम स्टील किंवा फिडल करतं. दोन ओळींच्या मधल्या या जागा ऐका. ध्रुवपदात ढोल-गिटारांचा भडिमार करून गहिवर ओढून आणणारी गाणीही पुष्कळ निघतात, अलीकडे तर जास्तच. दहा-बारा गाणी मुरली की फरक आपोआप कळायला लागतो.

पायरी ५ : बोलतंय कोण, ते बघा

आता पत्रांबाहेर या. ‘राइडिंग विथ प्रायव्हेट मलोन’ हे डेव्हिड बॉल यांचं २००१ चं गाणं भुताच्या गोष्टीच्या अंगानं जातं. नुकताच सैन्यातून सुटलेला माणूस जुनी गाडी विकत घेतो. ती १९६६ ची कॉर्व्हेट, म्हणजे नावाजलेली स्पोर्ट्स गाडी, निघते. आतल्या कप्प्यात मूळ मालकाची चिठ्ठी सापडते : हे वाचत असाल तर मी परत आलो नाही, गाडी आता तुमची. पुढे अपघातातून या नव्या मालकाला बाहेर काढणारा सैनिक कोण, ते गाणं आपल्यावर सोडतं. काहींना हे भाबडं वाटेल. मला त्या चिठ्ठीतला उदारपणा फार आवडतो. आपलं स्वप्न अनोळखी माणसाच्या हाती देताना तो कुरकुरत नाही.

कॅरी अंडरवुड यांचं २००८ मध्ये गाजलेलं ‘जस्ट अ ड्रीम’ लग्नाचं वाटावं असं सुरू होतं. पांढऱ्या पोशाखातली तरुण मुलगी चर्चमध्ये चालत येते. ती कशाला आली आहे ते उमगायला जरा वेळ लागतो. झेंड्याची घडी तिच्या हातात पडते तिथे गाणं पूर्ण उलगडतं.

ट्रेस अ‍ॅडकिन्स यांचं २००५ चं ‘अर्लिंग्टन’ मात्र सावधपणे ऐका. बोलतो आहे तो तिथे पुरलेला सैनिकच, आणि या पवित्र जागी, अशा सोबत्यांमध्ये आपण आहोत याचा त्याला अभिमान वाटतो. कित्येक घरांना त्यानं धीर दिला. काही सैनिकांच्या घरच्यांना मात्र ते सहन झालं नाही. मुलगा अजून रणभूमीवर असलेल्या आईला हे शब्द गाडीतल्या रेडिओवर अचानक ऐकू आले तर काय होईल, याचा विचार करा. अ‍ॅडकिन्स यांनी ते रेडिओवरून मागे घेतलं. गेलेल्याच्या तोंडी आपण शब्द घालावेत का, आणि घालायचे तर कुणाला विचारून, हा प्रश्न या सगळ्या परंपरेत मुरलेला आहे. टिम मॅकग्रॉंचं गाणं या प्रश्नातून सुटतं, कारण तिथे माणसानं ते जिवंतपणी लिहून ठेवलेलं आहे.

भिंतीची गाणीही इथेच ऐकून घ्या. व्हिएतनाम स्मारकाची भिंत नोव्हेंबर १९८२ मध्ये खुली झाली. आराखडा माया लिन यांचा. निवड झाली तेव्हा त्या अवघ्या २१ वर्षांच्या विद्यार्थिनी होत्या. भिंतीवर ५८ हजारांहून जास्त नावं आहेत आणि ती वर्णक्रमानं लावलेली नाहीत, ज्या क्रमानं माणसं गेली त्या क्रमानं आहेत. त्यामुळे एकाच दिवशी एकत्र मेलेल्यांची नावं शेजारी शेजारी येतात. स्टॅट्लर ब्रदर्स यांच्या १९८९ च्या ‘मोअर दॅन अ नेम ऑन अ वॉल’मध्ये एक आई तिथे येते. इतक्या हजारांत तिचं एकच नाव आहे, आणि ते नुसतं नाव नाही एवढंच तिचं म्हणणं. चौघांच्या गळ्यांचा मेळ इतका स्वच्छ आहे की शब्द न कळणाऱ्यालाही हे गाणं धरून ठेवतं.

पायरी ६ : रणगीतं वेगळ्या यादीत ठेवा

शोधताना टोबी कीथ यांचं २००२ चं ‘कर्टसी ऑफ द रेड, व्हाइट अँड ब्लू’ हमखास समोर येईल. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरचा तो संताप आहे, आणि त्यामागे लेखकाच्या माजी सैनिक वडिलांच्या मृत्यूचं दुःखही आहे. अशी गाणी प्रामाणिक असू शकतात. पण त्यांचं काम शत्रूला आव्हान द्यायचं आहे, गेलेल्याची आठवण धरायचं नाही. दोन्ही एकाच प्लेलिस्टमध्ये घातलीत तर मोठ्या आवाजाची गाणी हळू आवाजाच्या गाण्यांना गिळून टाकतात. वेगळी यादी करा, आणि रणगीतं नंतर कधीतरी ऐका.

पायरी ७ : आयरा हेझ

आतापर्यंतच्या गाण्यांतला माणूस रणात मेला. ‘द बॅलड ऑफ आयरा हेझ’मध्ये तो घरी परत आल्यावर मेला, आणि म्हणून हे गाणं मी मुद्दाम उशिरा सांगतो आहे. पीटर ला फार्ज यांनी ते लिहिलं. जॉनी कॅश यांनी १९६४ मध्ये ‘बिटर टिअर्स’ या अल्बमवर गायलं.

२३ फेब्रुवारी १९४५ रोजी इवो जिमा बेटावर झेंडा उभारणाऱ्या सहा सैनिकांचं जगप्रसिद्ध छायाचित्र आपणही पाहिलेलं असतं. त्या सहांपैकी तिघे त्याच बेटावर मारले गेले. वाचलेल्यांपैकी एक आयरा हेझ, अ‍ॅरिझोनातल्या पिमा या आदिवासी समाजाचा. सरकारनं त्याला देशभर मिरवलं. तो परतला तेव्हा गावची शेती तशीच तहानलेली होती, कारण पिढ्यान्‌पिढ्या पिमांची जमीन भिजवणाऱ्या हिला नदीचं पाणी वरच्या अंगाला गोऱ्या वसाहतवाल्यांनी कधीच वळवून घेतलं होतं. तो दारूत बुडाला. २४ जानेवारी १९५५ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, तो उघड्यावर मेलेला सापडला. अर्लिंग्टनमध्ये त्याला लष्करी इतमामानं पुरलं. गाण्यातली वस्तू कोणती, हा आपला नेहमीचा प्रश्न इथेही विचारा. उत्तर आहे पाणी.

कॅश जवळजवळ गातच नाहीत, सांगतात. कित्येक रेडिओ स्टेशनांनी गाणं लावायला काचकूच केली तेव्हा त्यांनी ‘बिलबोर्ड’मध्ये स्वतःच्या पैशानं पानभर जाहिरात दिली आणि तुमच्यात धमक नाही का, असं निवेदकांना सरळ विचारलं. गाणं पुढे कंट्रीच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. मेलेल्यांना मान द्यायचा आणि जिवंतपणी त्यांचं काय केलं ते विसरायचं, ही सोय हे गाणं ऐकणाऱ्याला देत नाही. मला विचाराल तर या सगळ्या दालनातलं सर्वांत मोठं गाणं हेच.

पायरी ८ : अमेरिकेत असाल तर

टेक्सस, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना या कंट्रीच्या मुलखात आता मराठी घरं काही कमी नाहीत. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे येतो. आपल्याला तो लांबलचक वीकेंड म्हणून माहीत असतो. १८६८ मध्ये ३० मे रोजी यादवी युद्धातल्या मृतांच्या कबरींवर फुलं वाहून तो ‘डेकोरेशन डे’ म्हणून सुरू झाला, आणि १९७१ पासून सोमवारी पाळला जातो. ११ नोव्हेंबरचा व्हेटरन्स डे हा सैन्यात सेवा केलेल्या सगळ्यांचा, मेमोरियल डे फक्त गेलेल्यांचा. शेजारी माजी सैनिक असेल तर त्याचे आभार नोव्हेंबरमध्ये माना. मे महिन्यात त्याला, गोल्ड स्टार घराला तर नक्कीच, ‘हॅपी मेमोरियल डे’ म्हणू नका.

त्या दिवशी गावच्या दफनभूमीत किंवा कोर्टासमोर छोटा कार्यक्रम असतो. कुणीही जाऊ शकतं. टोपी काढायची, ‘टॅप्स’ वाजताना बोलायचं नाही, एवढे नियम. झेंडा दुपारपर्यंत अर्ध्यावर असतो, मग वर चढवतात. दुपारी ३ वाजता मिनिटभर शांत उभं राहायची रीत आहे. मुलांना घेऊन जा.

वॉशिंग्टनला गेलात तर भिंतीपाशी नावांची सूची असते. आडनाव शोधलं की कितव्या फलकावर कितवी ओळ ते कळतं. कागद धरून पेन्सिल घासली की नाव कागदावर उमटतं, आणि तिथले स्वयंसेवक मदत करतात. अर्लिंग्टनमध्ये जायला पैसे पडत नाहीत. भाग ६० मध्ये अफगाणिस्तान आणि इराकमधल्या सैनिकांच्या कबरी आहेत. तिथे येणाऱ्यांत आई-वडील, बायका, लहान मुलं असतात, तेव्हा फोटो काढताना आजूबाजूला कोण आहे ते आधी बघा.

पुढे काय ऐकावं

इथवर आलात की तुमचा कान तयार झाला. आता जेसन इझबेल यांचं २००७ चं ‘ड्रेस ब्लूज’ घ्या. अलाबामातल्या आपल्याच भागातल्या, इराकमध्ये मारल्या गेलेल्या एका तरुण मरीनसाठी, म्हणजे नौसैनिक दलातल्या जवानासाठी, त्यांनी ते लिहिलं. शाळेची व्यायामशाळा फुलांनी आणि म्हाताऱ्या सैनिकांनी भरली आहे, किराणा दुकानाच्या पाटीवर बायबलचं वचन लावलं आहे, आणि त्याचं मूल आता जन्माला यायचं आहे. युद्ध योग्य की अयोग्य याबद्दल गायकाचं मत लपत नाही, आणि तरी त्या पोराबद्दलच्या प्रेमाला कुठे धक्का लागत नाही. झॅक ब्राउन बँडनं २०१५ मध्ये ते पुन्हा गायलं. आधी इझबेल, मग बँड.

बिग अँड रिच यांचं ‘एट्थ ऑफ नोव्हेंबर’ ८ नोव्हेंबर १९६५ च्या व्हिएतनाममधल्या लढाईवर आहे. त्या दिवशी १७३ व्या एअरबॉर्न ब्रिगेडचे ४८ जण गेले, आणि गाणं त्यातून वाचलेल्या एका माणसाच्या आठवणीवर उभं आहे. तारीख, तुकडी आणि लढाई सांगणारं या यादीतलं हे एकच गाणं. पोवाड्यावर वाढलेल्या कानाला ते सर्वांत लवकर जवळचं वाटेल, म्हणूनच ते मी शेवटी ठेवलं आहे. त्यानंतर जुन्या वळणाचं हवं असेल तर लूव्हिन ब्रदर्स यांचं ‘सर्चिंग फॉर अ सोल्जर्स ग्रेव्ह’ शोधा : दोन भावांचे आवाज, एक मँडोलिन, आणि समुद्रापार कबर शोधत निघालेलं घरचं माणूस.